आफताब बागवानची बुलेट ट्रेन

इंदापुरात रेल्वे नाही. तालुक्याचं ठिकाण, तहसील कचेरी, मोठा बाजार, पुणे-सोलापूर रस्त्यावरून रात्रंदिवस धावणारे ट्रक, सगळं आहे. पण रूळ बघायचे तर भिगवण तरी गाठावं, नाहीतर बारामती. अशा गावात जन्मून आफताब बागवानला रेल्वेचं वेड लागलं. तेही साध्यासुध्या रेल्वेचं नाही. साधी रेल्वे त्याच्या लेखी बैलगाडीची चुलतबहीण होती.

तसं पाहिलं तर आफताबच्या पसंतीला उतरेल अशी चीजच तालुक्यात नव्हती. बाप बाजारात पेरू-केळी विकायचा, ते काम त्याला हलकं वाटायचं. थोरला भाऊ अल्लाबक्ष इंदापूर डेपोत एसटीचा ड्रायव्हर झाला, तर हा म्हणायचा, पत्र्याचा डबा हाकायला कसली आलीय अक्कल. आजूबाजूचे लोक ‘हाय-न्हाय’ बोलायचे म्हणून हा मुद्दाम ‘आहे-नाही’ बोलायचा, तेही असं ठासून, की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. लैलाशी निकाह झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “जेवन झालंया.” यानं पाटावर बसायच्या आधी तिला ‘जेवण’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. तिनं प्रत्येक वेळी ‘जेवन’च म्हटलं, ताट वाढलं आणि ती आत निघून गेली. लैला पहिल्यापासून तशीच होती.

वेड लागलं ते बारामतीच्या आयटीआयमध्ये. तिथं वर्कशॉपच्या भिंतीवर कुठल्याशा यंत्रांच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर निळ्यापांढऱ्या अंगाची, लांब नाकाची एक गाडी आणि तिच्या मागं बर्फाचा डोंगर. आफताब कानशीच्या कामात होता, तो कानस तशीच टाकून चित्रापुढं जाऊन उभा राहिला. मास्तर म्हणाले, “जपानची बुलेट ट्रेन हाय ती. आपल्या बारामतीला यायची न्हाय. चल, जॉब घास.”

बारामतीला तेव्हा दौंडहून यायची ती अरुंद रुळांवरची लहान गाडी. ती इतक्या निवांत चालायची की वाटेतल्या वस्तीवरचे लोक तिच्याकडं पाहून हात हलवायचे, आणि आतल्यांना कुणी हात हलवला, कशाला हलवला आणि घरचे सगळे बरे आहेत ना, एवढं विचारायला सवड मिळायची. लोकांचा तिच्यावर जीव होता. आफताब तिला ‘गोगलगाय’ म्हणायचा. पुढं रूळ रुंद झाले, मोठी गाडी आली, बारामतीकरांनी पेढे वाटले. आफताबनं पेढा हातात घेतला आणि म्हणाला, “चौसष्ट साली जपाननं दोनशे किलोमीटर वेगाची गाडी सोडली. फ्रान्सनं एक्क्याऐंशीत त्यांच्यावर ताण केली. जर्मनी, स्पेन, सगळे पुढं गेले. आणि तुम्ही रूळ हातभर रुंद झाले म्हणून पेढे वाटताय.” एवढं बोलून पेढा मात्र खाल्ला.

नोकरी त्याला बारामती एमआयडीसीत लागली. दुधाच्या पिशव्या ठेवायचे प्लास्टिकचे क्रेट बनवणारा कारखाना होता, तिथं तो मेंटेनन्सचा सुपरवायझर झाला. कामाला हात चांगला होता. तेवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. बाकीचे कामगार मोटारसायकलवर यायचे, त्यांना तो ‘फटफटीवरची माकडं’ म्हणायचा. खरी गोष्ट अशी की त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती. म्हणून रोज इंदापूर-बारामती एसटी, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या जागी अल्लाबक्ष.

उसाचा हंगाम लागला की भवानीनगरच्या अलीकडं-पलीकडं रस्ता बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी भरून जायचा. तिथल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याची रांग रस्त्यावर यायची. एसटी मुंगीच्या पावलानं चालायची. अशा वेळी आफताब पुढच्या बाकावर बसून गाडीभर लोकांना ऐकू जाईल असं बोलायचा. बुलेट ट्रेनच्या वाटेत फाटक नसतं, बैल नसतो, माणूस नसतो. जपानमध्ये आता चाकांशिवायची गाडी चाचणीला निघालीय, चुंबकाच्या जोरावर तरंगत जाते. वीस वर्षांत जग त्यावर बसेल आणि हे लोक भवानीनगरच्या चौकात बैलाच्या शेपटीकडं बघत बसतील.

हे सांगता सांगता त्याचा चेहरा पिवळा पडायचा, तो खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि सकाळचा चहा रस्त्यावर जायचा.

एसटी लागायची त्याला. लहानपणापासून लागायची. लैला उलटीच्या गोळ्या खिशात घालून द्यायची, पण त्या घेतल्या की दिवसभर डोळे मिटायचे, म्हणून तो टाळायचा.

“गाडी लागती ती पोटामुळं,” अल्लाबक्ष आरशातून बघत म्हणायचा. “वेगाचा त्यात काय संबंध?”

“वेग असला की पोट हलत नाही. हे विज्ञान आहे. तुला समजणार नाही.”

“आफताब म्हंजी सूर्य,” अल्लाबक्ष शेजारच्या प्रवाशाला सांगायचा. “बापानं नाव सूर्याचं ठिवलं. घरात आमी आफतच म्हणतो.”

इंदापुरातले सिमेंटचे व्यापारी जयवंतराव यांना कुठून तरी बातमी लागली, की पुढंमागं मुंबईहून हैदराबादकडं वेगवान गाडी निघणार आहे. बातमी कुणी दिली, ते त्यांना सांगता येत नव्हतं; पण स्टेशन इंदापुरात व्हावं, हे त्यांचं तिथल्या तिथं ठरलं. ‘इंदापूर जलद रेल्वे कृती समिती’ निघाली. ज्या गावात मालगाडीसुद्धा येत नव्हती, तिथं जलद रेल्वेची समिती. आफताब तिचा तांत्रिक सल्लागार झाला. समितीतल्या एकालाही काही कळत नाही, असं तो उघड म्हणायचा आणि एकही बैठक चुकवायचा नाही. बैठकीत भजी यायची, ठराव व्हायचा, मग चहा यायचा.

एकदा कळाशी गावाच्या बाजूच्या वस्तीवरचे म्हस्कूआबा बैठकीला येऊन बसले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही गाडी आमच्या फाट्यावर थांबंल का?”

“फाट्यावर थांबली तर ती जलद कसली, आबा?” आफताब म्हणाला.

“मग ती जाणार आमच्या रानातनं, आन् थांबणार न्हाय.”

“पुण्याला अर्ध्या तासात पोहोचाल, ते बघा.”

“पोचून काय करू? पुन्यात माजं कोन हाय?”

सगळे हसले. आफताब हसला नाही. घरी येऊन लैलाला म्हणाला, “गाढवाला गुळाची चव काय. या लोकांसाठी रेल्वे आणायची म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.”

“गाडी आली म्हंजी पयले कोन बसनार?” लैलानं विचारलं.

“मी.”

“मंग तुमच्यासाठीच आना की. लोकांना कशाला सांगताय?”

शहाण्णव साली कारखान्यात जपानी मोल्डिंग मशीन यायचं ठरलं. ते चालवायला शिकण्यासाठी दोघांनी तीन आठवडे जपानला जायचं. मेंटेनन्सकडून आफताब आणि चालवणारा म्हणून बुद्धघोष सोनवणे.

बुद्धघोष बारामतीचाच. आजोबांनी छप्पनच्या मागंपुढं धम्म घेतला, बापानं कोर्टात शिपाईगिरी केली आणि पोराचं नाव ठेवताना मात्र हात आखडला नाही. हा तिशीतला, कमी बोलणारा, मशीनपुढं उभा राहिला की शिफ्ट संपेपर्यंत बाजूला न होणारा माणूस. आफताबनं त्याचं नावसुद्धा कधी पूर्ण घेतलं नव्हतं. “ए घोष,” म्हणायचा. आणि जपानची बातमी आल्यावर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, “मशीन तर निमित्त आहे. मी जातोय बुलेट ट्रेनसाठी. घोष येतोय माझी बॅग उचलायला.”

बुद्धघोषनं पोहे संपवले, ताटली धुतली आणि तो मशीनकडं गेला.

विमानात आफताबला इतकं लागलं की हवाई सुंदरीनं शेवटी पिशव्यांची गड्डीच त्याच्या मांडीवर ठेवली. तो रात्रभर तोंड धरून बसून होता. बुद्धघोषनं त्याला पाणी दिलं, तर म्हणाला, “विमान हेलकावे खातं. हवेला रूळ नसतात ना. तू बघ, ट्रेनमध्ये काही होणार नाही.”

तरीही टोकियोच्या स्टेशनात आल्यावर त्याला धास्ती वाटली. ज्या गाडीसाठी आयुष्यभर तालुक्याला शिव्या घातल्या, तिच्यात आपण ओकलो तर? तेही या घोषसमोर? कंपनीचा मोरी नावाचा इंग्रजी बोलणारा माणूस त्यांना घ्यायला आला होता. तो तिकिटं काढत असताना आफताबनं पाठमोरं होऊन लैलाच्या गोळ्यांपैकी एक घेतली. धीर पुरला नाही म्हणून आणखी एक घेतली.

मग ती आली. कॅलेंडरमधल्यासारखीच. फलाटावर आखलेल्या खुणेला तिचं दार लागलं, बोटभरही इकडं-तिकडं नाही. आफताबच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं जपानी धुळीवर ढकललं, आणि धूळ तर तिथं नव्हतीच. खिडकीची जागा त्यानं बुद्धघोषला न विचारताच घेतली. गाडी हलली. हललेली कळली नाही. आफताब बुद्धघोषकडं वळून म्हणाला, “बघ. ग्लासातलं पाणी हलत नाही.” त्यापुढं काय बोलायचं होतं ते त्याचं त्यालाच सापडेना. जीभ जड झाली होती.

डोळे उघडले तेव्हा मोरी त्याचा खांदा हलवत होता. हमामात्सु आलं होतं. उतरायचं होतं.

फलाटावर उभं राहून आफताबनं पाहिलं, तर गाडी निघूनही गेली होती. त्याला वाटलं, आपण अजून टोकियोतच आहोत. मग त्यानं पाटी पाहिली. मग बुद्धघोषच्या तोंडाकडं पाहिलं. बुद्धघोष दोन्ही बॅगा घेऊन उभा होता.

परतीचं विमान दुसऱ्या शहरातून होतं आणि तिथवर कंपनीची मोटार नेऊन सोडणार होती. बुलेट ट्रेनचं तिकीट स्वतः काढायचं तर हातखर्चाला मिळालेले पैसे त्यात बुडाले असते, आणि लैलाला आणायच्या वस्तू राहिल्या असत्या. तेव्हा रविवारी तो नुसत्या फलाटाच्या तिकिटावर स्टेशनात गेला. बुद्धघोष बरोबर होता. न थांबणाऱ्या गाड्या मधल्या रुळांवरून जायच्या. आधी रूळ बारीक आवाजात गायल्यासारखे करायचे, मग वाऱ्याची एक चपराक बसायची, आणि गाडी गेलेली असायची. आफताबनं प्रत्येक वेळी डोळे ताणून आत बसलेलं माणूस दिसतंय का ते पाहिलं. एकही चेहरा दिसला नाही. पांढरा पट्टा तेवढा दिसायचा.

तासभर असं उभं राहिल्यावर त्यानं रुळांकडं पाहतच विचारलं, “तू मला उठवलं का नाहीस?”

“उठवलं व्हतं की. दोनदा.”

“खोटं बोलू नको.”

“पयल्यांदा हात लावला, तवा तुमी म्हणाला, ‘गप बस, मला सगळं माहीत आहे.’ दुसऱ्यांदा हाक मारली, तवा म्हणाला, ‘तुला काय कळतंय.’ डोळं मिटूनच म्हणाला. मंग म्या म्हटलं, ऱ्हाऊ द्या.”

झोपेत आपण असं बोललो असू, यात आफताबला जराही शंका वाटली नाही. तेच तर वाईट होतं. मग त्यानं विचारलं, “डोंगर दिसला?”

“ढगात व्हता.”

आफताबला बरं वाटलं. ढग आल्यामुळं कुणालाच काही दिसलं नाही, असं त्यानं मनाशी धरलं आणि त्या धरलेल्या गोष्टीवर पुढचे दिवस काढले. मशीन मात्र दोघं नीट शिकले.

इंदापुरात परत आला, तर जयवंतरावांनी फळा रंगवून तयार ठेवला होता. ‘जपानहून परतलेले श्री. आफताब बागवान यांचे जाहीर व्याख्यान : वेगाचे भवितव्य.’ फळा लिहायच्या आधी जयवंतरावांनी विचारलं होतं, “बरुबर दुसरं कोन व्हतं? त्यांचं बी नाव टाकू. दोघांचा सत्कार करू.”

“होता एक ऑपरेटर,” आफताब म्हणाला होता. “त्याचं काय एवढं.”

शाळेचा हॉल भरला. रविवारचा बाजार उरकून आलेली माणसं पिशव्या पायाशी घेऊन बसली. अल्लाबक्ष ड्यूटीचा खाकी शर्ट न बदलताच आला. लैला बायकांत बसली, शेजारी आक्काबाई. आक्काबाई त्यांच्या गल्लीतलीच म्हातारी. लेक पुण्याला दिलेली, त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं पुण्याला जाणारी. आणि अगदी मागं, दाराजवळच्या बाकावर बुद्धघोष. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. व्याख्यानाची बातमी कारखान्यात कळली आणि तो बारामतीहून आला.

आफताब उठला. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. त्यानं समोर पाहिलं आणि नेहमीचा आवाज लावला. “तुम्हाला हे समजायला पन्नास वर्षं लागतील,” अशीच सुरुवात केली. लोकांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना सवय होती. मग त्यानं चौसष्ट सालापासून धरलं. फ्रान्स सांगितलं, जर्मनी सांगितलं. तीनशेच्या पुढं वेग जाणार, चाकं जाणार, चुंबक येणार, इंदापूरची पोरं सकाळी पुण्याला कॉलेजात जाऊन दुपारी जेवायला घरी येणार. “आणि तुम्ही,” तो म्हणाला, “भवानीनगरला बैलाच्या मागं उभे राहणार.” टाळ्या पडल्या. स्वतःच्या अपमानाला टाळी वाजवणारं गाव त्याला फार खालचं वाटलं, आणि त्या टाळ्या फार गोड लागल्या.

मग तो प्रवासावर आला. खिडकी सांगितली. खिडकीतून दिसणारा पांढराशुभ्र डोंगर सांगितला, उन्हात चमकणारा, गाडीबरोबर पळणारा. सांगता सांगता त्याची नजर मागच्या बाकावर गेली. बुद्धघोष त्याच्याकडं पाहत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होता, बसची वेळ बघावी तसा.

आफताबची लय तुटली. जयवंतरावांना वाटलं भाषण संपलं. ते उठून म्हणाले, “कुनाला काय इचारायचं आसंल तर इचारा.”

म्हस्कूआबांनी विचारलं, तिकीट किती. जयवंतरावांनीच विचारलं, स्टेशनाला जागा किती लागते. आफताबनं दोघांनाही झिडकारल्यासारखी उत्तरं दिली. मग बायकांच्या बाजूनं आक्काबाईनं हात वर केला.

“बाबा, त्या गाडीत झोप लागती का रं? मला एसटीत डोळ्याला डोळा लागत न्हाय. पुन्यापातूर कंबर मोडती. म्हनून इचारती.”

हॉलमध्ये हशा पिकला. जग कुठं चाललंय आणि म्हातारी झोपेचं विचारते. आफताबनं तोंड उघडलं ते तिला फटकारायला. ओठावर आलेही होते शब्द. पण मागून बुद्धघोषनं या वेळी त्याच्याकडं सरळ पाहिलं, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“लागती,” तो म्हणाला.

लोक हसायचे थांबले, कारण आफताब बागवान ‘लागती’ म्हणाला होता.

“लई गाढ लागती, आक्का. मी सगळ्या वाटंनं झोपलो व्हतो. बसलो, आन् उतरायच्या गावातच जाग आली. म्या काय बी बघितलं न्हाय. डोंगर ढगात व्हता म्हनं. आत्ता सांगितला तो कॅलेंडरातला.”

जयवंतराव शालीकडं बघायला लागले, जणू ती परत मागावी की काय. आफताबनं घसा साफ केला आणि त्याला वाटलं, आता निदान एक गोष्ट नीट करता येईल. “मागं बुद्धघोष सोनवणे बसलेत. ते माझ्याबरोबर होते. ते सगळ्या वाटेनं जागे होते. त्यांना पुढं बोलवा. ते सांगतील.”

माना मागं वळल्या. जयवंतराव हात जोडून म्हणाले, “या की, सोनवणे. या म्होरं.”

बुद्धघोष उठला. पुढं आला नाही. जागेवरूनच म्हणाला, “मला काय सांगायचं न्हाय. फळ्यावर माझं नाव न्हाय. म्या बघितलं ते माझ्यापाशी हाय. तितंच बरं हाय ते.” मग आफताबकडं वळून, आवाज न चढवता म्हणाला, “बॅगा मात्र म्याच उचलल्या व्हत्या. तेवढं तुमी खरं बोलला व्हता.”

तो दाराबाहेर पडला. बारामतीची बस निघायच्या बेतात होती.

त्या संध्याकाळी घरी अल्लाबक्ष पोट धरून हसला. इतका हसला, की शेवटी पोट दुखतंय म्हणून ओट्यावर आडवा झाला. “सबंध जपान झोपून बघितला बहाद्दरानं,” म्हणायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. लैला हसली नाही. तिनं नवऱ्यापुढं चहा ठेवला.

“मी चुकलो का?” आफताबनं विचारलं.

“कवा? झोपला तवा, का बोलला तवा?”

“बोललो तेव्हा.”

“ते बरं केलं. पर त्या मानसाला ऐनवेळेला म्होरं ढकलायला नगं व्हतं. तुमची अडचन झाली, तवा त्याचं पुरं नाव आठवलं तुमाला.”

बायको शिकलेली नाही, तिला काय कळतं, असं आफताबनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते बसेना.

कृती समिती पुढं महिनाभरात विरली. गाडीची बातमी कुणी आणली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. जयवंतरावांनी नव्या उत्साहानं इंदापुरात विमानतळ व्हावा अशी समिती काढली आणि तिच्यात आफताबला घेतलं नाही. गावात त्याला ‘जपानी’ म्हणायला लागले. कुणी बसमध्ये डुलकी घेतली की, “काय, जपानला निघाला काय?” आफताबला हे ऐकावं लागायचं, आणि विशेष म्हणजे ऐकता यायचंही. पूर्वीचा आफताब असता तर गाडीभर लोकांची अक्कल काढली असती. आता तो खिडकीकडं तोंड करून बसायचा.

कारखान्यात मशीन बसलं. आफताब आणि बुद्धघोष रोज त्याच्यापुढं उभे राहायचे आणि मशीनपुरतं बोलायचे. नट, तापमान, साचा. एक दिवस साचा अडकला, दोघांनी घाम गाळून तो सोडवला आणि गेटवरच्या टपरीवर चहाला गेले. चहा पिता पिता आफताब म्हणाला, “बुद्धघोष, मी कुणाला सांगणार नाही. काय बघितलंस तू?”

“कशाला पायजे?”

“माझं आयुष्य गेलं रे त्याच्यात.”

बुद्धघोषनं ग्लास खाली ठेवला. एवढं बोलल्यावर नाही म्हणवेना, असा चेहरा झाला त्याचा. “विशेष काय न्हाय. घरंच घरं, मंग बोगदं. बोगद्यात कान दडपायचं. एका ठिकाणी भाताची खाचरं लागली. अगदी रुळाच्या कडंला. त्यात एक बाई वाकून रोपं लावत व्हती. आपली गाडी तिच्यावरनं गेल्यागत गेली. तिनं वर बघितलं न्हाय.”

“बघितलंच नाही?”

“न्हाय. रोजच्या किती जात असतील. ती आपली लावतीया. मला माझी आय आठवली. कॅनालच्या पल्याड तण भांगलायला जायची, तवा साहेबाच्या जीपगाड्या जायच्या रस्त्यानं. ती बी वर बघायची न्हाय. मला वाटायचं, तिला दिसत न्हाय. तिला दिसायचं. बघायचं नसायचं.”

आफताबला सवयीनं म्हणायचं होतं, बस, एवढंच? जगातली सर्वांत वेगवान गाडी आणि पाहिलं काय, तर भात लावणारी बाई. तो शब्द त्यानं चहाबरोबर गिळला. चहाचे पैसे द्यायला त्यानं खिशात हात घातला, तोवर बुद्धघोषनं देऊन टाकले होते.

कुणाला सांगणार नाही, असं म्हणाला होता. ते जमलं दोनेक वर्षं. मग नव्व्याण्णवच्या हंगामात भवानीनगरला एसटी अडकली. पुढं ट्रॉल्यांची रांग, मागं ट्रक. गाडीत एक नवा मास्तर होता, इंदापूरच्या शाळेत बदलून आलेला. त्यानं आफताबचं जपानचं ऐकलं होतं, झोपेचं ऐकलं नव्हतं. त्यानं आदरानं विचारलं, “सर, तुम्ही बुलेट ट्रेननं प्रवास केलाय म्हणे. कसं असतं ते?”

किती दिवसांनी कुणी ‘सर’ म्हणालं होतं. आफताब सरसावून बसला. आवाज जुना लागला.

“तुम्हाला सांगतो, लोक डोंगर बघतात. मूर्ख आहेत. बघणाऱ्यानं वेगळं बघायचं असतं. मी काय पाहिलं? रुळाच्या कडेला भाताचं खाचर. त्यात एक शेतकरी वाकलेला. गाडी त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. पण त्यानं मान वर केली नाही. समजलं? हे भवितव्य आहे. वेग इतका रोजचा होईल, की कुणी मान वर करणार नाही.”

मास्तर भारावून गेला. अल्लाबक्षनं आरशातून पाहिलं. त्या दिवशी बुद्धघोष इंदापूरला पाहुण्यांकडं जाऊन बारामतीला परत निघाला होता, तो तीन बाक मागं बसला होता. “त्यो बी जपानला व्हता,” म्हणत अल्लाबक्षनं मागं बोट केलं, तसं मास्तरानं वळून विचारलं, “तुम्हीही होता ना तिथं? असंच होतं?”

आफताब मागं वळला नाही.

“खरं हाय,” बुद्धघोष म्हणाला. “असंच व्हतं. फकस्त त्यो शेतकरी न्हवता, बाई व्हती.”

“तेच ते,” आफताब म्हणाला. “काय फरक पडतो?”

समोरची ट्रॉली हलली, अल्लाबक्षनं गिअर टाकला आणि गाडी भवानीनगरच्या चौकातून हळूहळू पुढं सरकली.